तेहतीस रेघा

आमच्या आल्टेनग्रुंड गावात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या रविवारी सकाळी सहा वाजता फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची गाण्याची स्पर्धा होते आणि गेली चोवीस वर्षं मी तिथे मोजणीला बसते. बसत होते, असं म्हणायला हवं.

मोजणीचं काम दिसायला सोपं आहे. पिंजऱ्यावर पांढरं कापड असतं, त्यामुळे पक्षी दिसत नाही, फक्त ऐकू येतो. प्रत्येक पिंजऱ्यासमोर एक मोजणारा बसतो, हातात पाटी आणि खडू. पाच मिनिटांत पक्षी जितक्या वेळा पूर्ण गाईल तितक्या रेघा. पूर्ण कशाला म्हणायचं, यावरून आमच्याकडे सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं आहे. गाणं उंचावरून सुरू होतं, पायऱ्या उतरल्यासारखं खाली येतं आणि शेवटी एक बारीक झटका असतो, शिवणाऱ्या बाईने दातांनी दोरा तोडावा तसा. झटका आला तर रेघ. नाही आला तर ते गाणं धरायचं नाही. शंका असेल तरी धरायचं नाही.

माझे वडील खाणीत मोजमापाचं काम करायचे आणि त्यांनी चाळीस वर्षं ही पाटी धरली. मी खाली शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवते. हारबोर्टांच्या घरात रेघ चुकत नाही, असं गावात म्हणत. मला ते आवडायचं. चार वर्षांपूर्वी बेकरीवाल्या डीटमारने एक रेघ जास्त ओढली, तेव्हा मी त्याला भर सभेत उभं केलं होतं. तपासून न घेतलेलं उपकरण वापरू नये, मग तो माणसाचा कान का असेना, असं मी म्हणाले होते. डीटमार त्यानंतर मोजणीला बसला नाही. पाव मात्र अजून मला हसून देतो.

मोजणाऱ्याच्या वाट्याला वर्षाला तीन पक्षी येतात, तीन फेऱ्यांत एकेक, चिठ्ठी काढून. यंदा पहिल्या फेरीत मला ओट्टोमार केसेलरिंगचा पक्षी आला. ओट्टोमारकाका माझ्या वडिलांचे मित्र. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. घोड्याने ओंडके ओढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि आता जंगलच उरलं नसल्याने ते पिंजऱ्यातल्या तीन फिंचांसाठी जगतात. त्यांच्या पक्ष्यांचं गाणं त्यांच्या आजोबांपासूनचं आहे. हिवाळ्यात कोवळ्या नराला म्हाताऱ्या नराशेजारी टांगतात, तो ऐकून ऐकून शिकतो. मध्ये एक जरी पिढी तुटली तरी ते गाणं गेलं.

त्या सकाळी गवत ओलं होतं. मैदानामागे टेकड्या, आणि टेकड्यांवर पोखरकिड्यांनी वाळवलेले राखाडी स्प्रूस वृक्ष, पेटीत उरलेल्या जळक्या काड्यांसारखे. पहिल्या फेरीचे बावीस पिंजरे ओळीत लागले. संघाचा अध्यक्ष फोल्कमार ल्युडेके याने शिट्टी वाजवली. स्लेट दगडाची छपरं बसवण्याचा त्याचा धंदा आहे, आणि याच ओळीत त्याचाही पक्षी होता.

पहिल्या मिनिटात माझ्या पाटीवर चार रेघा पडल्या. डावीकडच्या मोजणाऱ्याच्या पाटीवर नऊ होत्या. माझ्या पक्ष्याचं खाली उतरणं मला ऐकू येत होतं, पण शेवटी जिथे झटका असायला हवा तिथे कधी काहीच नसायचं, कधी कुठूनसं काहीतरी यायचं. ते माझ्या पिंजऱ्यातलं की शेजारच्या, हे ठरवता येईना. शंका होती म्हणून मी रेघ ओढत नव्हते. दीड मिनिटानंतर मी मान वर केली. बारा पावलांवर दोरीपलीकडे ओट्टोमारकाका उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

मग मी जे केलं ते माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं. मी ऐकणं सोडून दिलं. हा पक्षी गेल्या वर्षी मिनिटाला सात-आठ वेळा गायला होता, ते मला आठवत होतं. मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात धरला आणि साधारण आठ सेकंदांना एक रेघ ओढू लागले. फार सारखी वाटू नये म्हणून मध्येच एखादी दोन सेकंद उशिरा. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, वडील ऐकायचे तशी. शिट्टी वाजली तेव्हा तेहतीस रेघा झाल्या होत्या. पुढच्या दोन फेऱ्याही मी तशाच काढल्या.

निकाल फोल्कमारने वाचला. त्याच्याच पक्ष्याच्या एकोणचाळीस, पहिला; मानाची माळ त्याला. ओट्टोमारकाकांचा पाचवा.

काका दोरीखालून वाकून माझ्यापाशी आले. "तेहतीस? पोरी, मी चव्वेचाळीस मोजले."

"चव्वेचाळीस!" फोल्कमार मागून हसला. "ओट्टोमार, जंगलातला कोकीळही धरलास वाटतं. का माझ्या पिंजऱ्यातले चार-दोन चोरलेस?"

"तू गप रे, छपरावरच्या बोक्या." काका माझ्याकडेच बघत होते. "तेहतीसच ना?"

मी पाटी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पाच-पाचचे गठ्ठे बोटाने मोजले, चष्मा परत ठेवला.

"मग तेहतीस. गेझीनने मोजलंय." बंद पडलेल्या घड्याळावर मारावी तशी त्यांनी कानावर टिचकी मारली. "हेच यंत्र गेलं म्हणायचं."

लोक हसले. मीही हसले. माझ्या चेहऱ्याने ते कसं केलं, मला सांगता येणार नाही.

मला दोन वर्षांपासून माहीत होतं. नववीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग घेते. यंत्रातून सूर काढायचा, हळूहळू उंच न्यायचा, आणि ऐकू येत असेल तोवर सगळ्यांनी हात वर ठेवायचा. मीही ठेवते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी काटा सेकंदाला पाच हजार कंपनांवर होता, मुलांचे सगळे हात वर होते आणि माझ्या कानात पूर्ण शांतता होती. मी हात खाली आणला नाही. मुलांचे हात बघत राहिले, आणि ते खाली येऊ लागले तसा माझाही आणला. वर्गात सत्तावीस मुलं होती, अठ्ठाविसावा हात माझा. शाळा सुटल्यावर दार लावून मी स्वतःची नीट तपासणी केली, दोन्ही कानांची वेगवेगळी. चार हजारांपर्यंत ठीक, पुढे रेघ कड्यावरून पडावी तशी खाली. आलेख काढला, तारीख घातली आणि खणात ठेवला. डॉक्टरकडे गेले नाही. लोक बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघायला शिकले. बरेचदा हसून मान हलवली की भागतं.

सोमवारी सुट्टी होती. फोल्कमारने आपल्या पक्ष्याची शान दाखवायला पहिल्या फेरीचं फोनवरचं चित्रण संघाच्या गटात टाकलं, सबंध पाच मिनिटांचं. त्याचा पिंजरा काकांच्या पिंजऱ्यापासून तिसरा. मी तो आवाज शाळेने दिलेल्या संगणकात घातला. त्यात आवाजाचं चित्र बनतं, आडवा वेळ आणि उभी सुराची उंची. जे ऐकू येत नाही ते त्यात दिसतं. प्रत्येक पक्ष्याच्या झटक्याचा आकार वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. काकांच्या पक्ष्याचा वर वळलेला, मासे धरायच्या गळासारखा. मी ते गळ मोजले. पुन्हा पहिल्यापासून मोजले. चव्वेचाळीस.

म्हणजे त्यांचं बरोबर होतं. बारा पावलांवरून, एक्याऐंशीव्या वर्षी, हातात पाटी नसताना.

मंगळवारी मी पाव आणायला गेले. शाळेला आठवडाभर सुट्टी होती. डीटमार कागदी पिशवी उघडता उघडता म्हणाला, "ओट्टोमार पक्षी देऊन टाकतोय, ऐकलंस?"

"का?"

"परवा गुरुवारी पलीकडच्या खोऱ्यातला वीडेकिंड येणारे न्यायला. कान गेले म्हणतो. आपलाच पक्षी ज्याला धड ऐकू येत नाही त्याने कशाला पाळावा, पिल्लांना चुकीचं शिकवलं जाईल म्हणतो. मी म्हटलं, अरे बाबा, मोजणाऱ्याचीही चूक होते कधी. माझी नाही का झाली?" तो थांबला. "तर म्हणाला, गेझीनची नाही होत." आणि मग, "रायचा काळा देऊ का गव्हाचा?"

मी गव्हाचा म्हणाले. आमच्या घरी गव्हाचा पाव कुणी खात नाही.

बुधवारी संध्याकाळी चार वाजता मी काकांच्या फाटकापर्यंत गेले. ते अंगणात बाकावर बसले होते. तिन्ही पिंजऱ्यांवरची कापडं काढलेली होती आणि ते पिंजऱ्यांकडे पाठ करून बसले होते, हनुवटी छातीवर, एक तळवा कानामागे. पक्षी गात असावेत. मी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. मनात वाक्य तयार होतं. मग मला आठवलं की तपासायच्या उत्तरपत्रिका घरी पडल्या आहेत. त्या खरोखरच पडल्या होत्या, अठरा. मी परत गेले आणि अठराही तपासल्या.

गुरुवारी दुपारी गेले तेव्हा भिंतीवर तीन खिळे रिकामे होते आणि त्यांच्याभोवती भिंतीचा रंग जरा उजळ होता.

"उशीर केलास," काका स्वयंपाकघरातून म्हणाले. "वीडेकिंड सकाळीच गेला. निरोप घ्यायला आलीस ना? ये. कॉफी आहे."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, प्रयोग लिहितात तसं क्रमाने. काय करायचं होतं, काय केलं, घड्याळ कसं धरलं, नंतर चित्रात काय दिसलं. ते सॉसेजचे तुकडे करत होते, ते करतच राहिले. माझं संपल्यावर एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"म्हणजे चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस."

"म्हणजे मी बहिरा नाही."

"नाही."

"बहिरी तू."

"हो."

त्यांनी सुरीने खिडकीकडे खूण केली. "काल फाटकाशी तूच होतीस ना? मला वाटलं पोस्टवाली. पण ती लांबूनच ओरडते. म्हटलं ही कोण, आली काय अन् गेली काय."

त्यांनी मला पाहिलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मीच होते."

"काल बोलली असतीस तर मी वीडेकिंडला येऊच दिलं नसतं."

 चुलीवरच्या भांड्यात पाणी खदखदत होतं, ते मला छान ऐकू येत होतं. "काका, फोन करा त्यांना. हवं तर मी बोलते."

"आणि काय सांगू? गेझीन माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडून गेली?"

"मी रडले नाही."

"हो, तेही आहेच." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "चार दिवस मी गावभर सांगत सुटलोय. बेकरीत, चर्चच्या पायरीवर, डॉक्टरकडे. डॉक्टरने पुढच्या महिन्यातली वेळ दिलीय, कानात नळी घालून बघणारे. आता मीच उठून म्हणू, नाही हो, कान परत आले? म्हातारा हरला ते सोसेना, म्हणतील. वीडेकिंडही तेच म्हणेल. उद्या सभा आहे. तू तिथे बोल. तू बोललीस की मी फोन करतो. आधी नाही."

"मी फोल्कमारला लेखी दिलं तर? सविस्तर, आकड्यांसकट..."

"लेखी?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "डीटमारला लेखी दिलं होतंस?"

शुक्रवारी सहा वाजता खानावळीच्या मागच्या खोलीत पस्तीसेक माणसं जमली होती. बाहेर लख्ख उजेड होता, खिडक्या उघड्या होत्या. ओट्टोमारकाका दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. डीटमार भिंतीशी. दरवर्षी सभेत सविस्तर निकाल मीच वाचते, त्यामुळे मी वही घेऊन उठले तेव्हा फोल्कमारने टेबलावर थाप मारली. "शांत बसा रे, मास्तरीणबाई उठल्या! हात वर केल्याशिवाय कुणी खोकायचं नाही."

मी एक पान लिहून नेलं होतं. ते वाचलं. दीड मिनिट लागलं. घड्याळाचा भाग गाळायचा मोह झाला होता, पण तो वाचला.

 मग फोल्कमारने घसा साफ केला. तो वाईट माणूस नाही. "गेझीन, अगं फोनवरचं काय खरं धरतेस? फोनवर माझ्या सासूचाही आवाज गोड येतो." थोडे हसले. "हे बघा मंडळी, त्या दिवशी वारा होता. वाऱ्यामुळे मोजणी अनिश्चित, असं लिहून टाकू. ओट्टोमारला मानाची माळ देऊ, माझी पण ठेवू, आणि बिअर मागवू. काय?"

माना हलल्या. सगळ्यांना ते पटलं होतं. वाक्य खरंच चांगलं होतं. त्यात कुणाचं नाव नव्हतं. मला ते किती हवंसं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते, कारण त्या खोलीत ते कुणाला दिसलं नसेल.

"वारा नव्हता," मी म्हणाले. "पिंजऱ्यावरची कापडं सरळ लोंबत होती. चित्रणात दिसतं."

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी काही बोललं. ते मला कळलं ते फक्त सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या म्हणून. सवयीने मी हसून मान हलवायला निघाले होते. अर्धी हलवलीही.

"काय म्हणालात? मला ऐकू आलं नाही."

रोझविथा र्‍युलिंग उभी राहिली. तिचा नवरा एवाल्ड फेब्रुवारीत गेला. त्याच्या पश्चात ती सभेला येते, विणकाम घेऊन. "किती वर्षं, असं विचारलं मी," ती मोठ्याने म्हणाली. लहान मुलाशी बोलावं तसे तिने शब्द सुटे केले.

"दोन. कदाचित तीन."

"मग गेल्या वर्षी आमच्या एवाल्डचा पक्षी कुणी मोजला होता?"

वही बघायची गरज नव्हती. तरी मी पान काढलं. "मी."

एवाल्डचा पक्षी गेल्या वर्षी दोन रेघांनी माळेला मुकला होता. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"सगळा उन्हाळा तो त्या पक्ष्याचं खाणं बदलत होता," रोझविथा म्हणाली. "कधी खसखस, कधी मुंग्यांची अंडी, कधी काय. माझंच काहीतरी चुकतंय म्हणायचा. मी म्हणायचे, जाऊ दे रे, दोन रेघांचं ते काय." तिने विणकामाची सुई लोकरीत खुपसली. "त्या दोन होत्या का नव्हत्या?"

"मला माहीत नाही."

"चित्र काढ की त्याचंही."

"गेल्या वर्षीचं चित्रण कुणाकडे नाही, रोझविथा. मी शोधलं. आता ते कळायला काही मार्ग नाही."

ती बसली नाही आणि रडलीही नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मला तिच्याकडे बघावं लागलं.

दाराजवळ खुर्ची सरकली. ओट्टोमारकाका टोपी घालून बाहेरच्या बोळात गेले. तिथे खानावळीचा फोन आहे. त्यांचा आवाज खर्जातला, भिंतीपलीकडूनही मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. "वीडेकिंड? मी ओट्टोमार. ऐक, कान शाबूत आहेत माझे... नाही, तपासून नाही, इथे सभेत सांगितलं... अरे तिन्ही नको, तुलाही काहीतरी राहू दे. म्हातारा तेवढा दे, आणि एक कोवळा... हो, येतो ना. उद्याच येतो."

खोलीत जरा हालचाल झाली. कुणीतरी ग्लास उचलला. फोल्कमार हळूच माझ्याकडे वाकला आणि मला समजावं म्हणून ओठ मोठे करून म्हणाला, "बस आता, गेझीन. झालं. त्याचे पक्षी येतायत ना परत."

तीन वर्षांत मी मोजलेले नऊ पक्षी. ओट्टोमार आणि एवाल्ड सोडून वहीत सात नावं राहिली होती. त्यांतले पाच जण माझ्यासमोर बसलेले होते आणि त्यांतल्या दोघांनी एव्हाना माझ्याकडे बघायचं टाळून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली होती. दुसरं नाव फोल्कमारच्या भावाचं होतं.

मी बसले नाही. पान उलटलं, पहिलं नाव वाचलं, त्याच्यापुढच्या रेघांचा आकडा वाचला, आणि तो आकडा खरा आहे असं मी सांगू शकत नाही, असं म्हणाले. मग पुढचं नाव.